दुकान, गेस्ट हाऊस, देवस्थान: कोणत्या कामाला कोणतं ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर

गोव्यात म्हापशाच्या बाजारात शुक्रवारची गर्दी उसळलेली असते आणि नेमकं तेव्हाच बिल छापायचं थांबतं. दुकानदार पहिला फोन लावतो तो बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्याला. पण दोष त्या सॉफ्टवेअरचाच असेल असं नाही, आणि तो कुठे आहे हे दोन मिनिटांत घरच्या घरी कळू शकतं.

बिलाचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो. बिलिंगचं ॲप्लिकेशन मालाचं नाव, वजन, दर, कर आणि बेरीज मांडतं. मग विंडोज ते पान छपाईच्या रांगेत लावतं. शेवटी प्रिंटरचा ड्रायव्हर त्या पानाचं रूपांतर प्रिंटरला समजणाऱ्या आज्ञांत करतो. यातलं पहिलं तेवढं ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. विंडोज आणि ड्रायव्हर ही सिस्टिम सॉफ्टवेअर. जे तुमचं काम करतं ते ॲप्लिकेशन, आणि जे संगणकाला चालतं ठेवतं ते सिस्टिम. पत्र लिहिणं, हिशेब ठेवणं, फोटो कापणं ही माणसाची कामं. मेमरी वाटून देणं, डिस्कवर जागा शोधणं, कीबोर्डची कळ ओळखणं ही यंत्राची.

आता परीक्षा. नोटपॅड उघडा, एक ओळ लिहा आणि त्याच प्रिंटरवर छापा. ओळ उमटली तर केबल, ड्रायव्हर आणि विंडोज ठीक आहेत, तपास बिलिंगच्या सेटिंगमध्ये करायचा. प्रिंटरची यूएसबी केबल काढून दुसऱ्या खाचेत लावली, की विंडोज पुष्कळदा तोच प्रिंटर ‘कॉपी १’ अशा नावाने नव्याने जोडून घेतं आणि ॲप्लिकेशन मात्र जुन्याच नावाला बिलं पाठवत बसतं. सेटिंगमध्ये नवं नाव निवडलं की काम झालं. नोटपॅडची ओळही उमटली नाही तर बिलिंगवाल्याला बोलावून उपयोग नाही. छपाईची रांग रिकामी करा, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा, तरीही नाही तर ड्रायव्हर नव्याने टाका.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. संगणकासोबत आलं म्हणून एखादं सॉफ्टवेअर ‘सिस्टिम’ होत नाही. नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर विंडोजसोबत येतात, तरी ती ॲप्लिकेशनंच आहेत. अँटिव्हायरस किंवा डिस्क साफ करणारी साधनं अभ्यासक्रमांत बहुधा ‘युटिलिटी’ म्हणून सिस्टिमच्या बाजूला धरतात.

प्रकार ओळखायचा तो आत काय साठतं यावरून

पाठ्यपुस्तकांत प्रकारांची लांबलचक यादी असते. ती परीक्षेला पुरते, खरेदीला पुरत नाही. खरेदी करताना एकच प्रश्न विचारा: याच्या पोटात काय साठणार आहे? सलग मजकूर, तक्ता, एकमेकांशी जोडलेल्या नोंदी, जमाखर्च की चित्र? या पाचांना पाच वेगळी ॲप्लिकेशनं लागतात. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलं की कटकटी सुरू होतात.

सलग मजकुरासाठी वर्ड प्रोसेसर: मायक्रोसॉफ्ट वर्ड, लिब्रेऑफिस रायटर, गूगल डॉक्स. अर्ज, इतिवृत्त, नाटकाची संहिता यासाठी हेच. यात मोठी यादी ठेवू नका; बेरीज, क्रमवारी आणि गाळणी यांसाठी हे बनलेलं नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी मात्र इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आहे की जुन्या फॉन्टमध्ये? जुन्या फॉन्टच्या फायलीत आत रोमन अक्षरंच असतात, फक्त त्यांच्यावर देवनागरी आकारांचा मुखवटा चढवलेला असतो. ओळखायची रीत सोपी: एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. रोमन गिचमिड झाली तर जुना फॉन्ट. अशा मजकुरात मराठी शब्द शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लागत नाही, आणि मोबाइलवर पाठवली तर समोरच्याला काहीच वाचता येत नाही. कन्व्हर्टरने बदल करता येतो, पण नंतर रफार, ‘श्र’ आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र डोळ्यांनी तपासा. चुका बहुधा तिथेच राहतात.

अक्षरं बिघडतात तेव्हा ती कशी बिघडली ते पाहा. चौकोन दिसत असतील तर त्या संगणकावर फॉन्ट नाही. मजकूर शाबूत आहे, देवनागरी फॉन्ट टाकला की दिसेल. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर युनिकोड न कळणाऱ्या ठिकाणी फाइल साठवली गेली आणि मूळ अक्षरं गेली. फाइल बंद करा आणि आधीची प्रत शोधा. टोप्या-टिंबं असलेली रोमन अक्षरं दिसत असतील, विशेषतः एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी खण तोडलेला साधा तक्ता) थेट उघडल्यावर, तर फाइल चुकीच्या पद्धतीने वाचली गेली आहे. ती बंद करा, सेव्ह करू नका. रिकामी शीट उघडून डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट किंवा सीएसव्ही’ हा पर्याय घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ‘६५००१ यूटीएफ-८’ निवडा. मराठी परत येते.

छापखान्यात जाणाऱ्या मजकुराचं दुखणं निराळं. पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही. इनडिझाइनला कळते, पण परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला हवा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. जत्रेची पत्रिका छापायला देताना वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो, त्यामुळे समोरच्या संगणकावर तो असो वा नसो, पान बिघडत नाही.

तक्ता आणि त्याची मर्यादा

स्प्रेडशीट हे सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत जास्त गैरवापर होणारं ॲप्लिकेशन. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क, गूगल शीट्स यांतलं कुठलंही घ्या, शिस्त एकच: एका ओळीत एक घटना, एका स्तंभात एकच प्रकारची माहिती. ‘५ किलो, आधी २०० दिले’ असं एकाच खणात लिहिलं तर त्याची बेरीज कधीच होणार नाही. वजनाचा स्तंभ वेगळा, आगाऊ रकमेचा वेगळा. दिसायला सुबक म्हणून खण एकत्र जोडू नका, क्रमवारी लावताना तेच आडवे येतात. हिशेबाचे आकडे इंग्रजी अंकांत (1, 2, 3) टाका. सगळीच ॲप्लिकेशनं देवनागरी अंकांना आकडा मानत नाहीत.

जागेची टंचाई सहसा पडत नाही. आजच्या एक्सेल शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ मावतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात मात्र ६५,५३६ ओळींवर हद्द संपते. पुढचा माल गायब दिसला तर आधी फाइलचा प्रकार पाहा.

त्रास देतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे लांब आकडे. एक्सेल कुठल्याही संख्येचे १५ अंकच अचूक ठेवतं आणि १६व्या अंकापासून पुढे शून्य भरतं. बँक खात्याचा क्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो आणि पैसे भलतीकडे पाठवायची वेळ येते. म्हणून खाते क्रमांक, फोन आणि सुरुवातीला शून्य असलेले कोड यांचे स्तंभ आधी ‘टेक्स्ट’ करा आणि मगच आकडे भरा. भरून झाल्यावर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही. दुसरी तारीख. संगणकाची विभागीय सेटिंग अमेरिकन असेल तर ०५/०६ म्हणजे ६ मे धरला जातो, आणि १३/०५ ही तारीख न होता नुसता मजकूर होऊन खणाच्या डाव्या कडेला चिकटते. खरी तारीख उजवीकडे टेकते. स्तंभातल्या काही तारखा डावीकडे नि काही उजवीकडे दिसल्या, तर सेटिंगमध्ये ‘इंग्लिश, इंडिया’ करा आणि आधी भरलेल्या सगळ्या तारखा पुन्हा तपासा, उजवीकडच्या तर आधी. त्या बरोबर दिसतात, पण महिना-दिवस उलटलेला असतो.

जोडलेल्या नोंदी

फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवस्थानाच्या समितीचं उदाहरण घेऊ. महाजनांची (देवस्थानाच्या सभासदांची) यादी, दरवर्षीची वर्गणी, पावणीची (देवस्थानातल्या लिलावाची) येणी. हे सगळं एका शीटमध्ये ठेवायला गेलं की दरवर्षी एक नवा स्तंभ वाढतो, एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि पत्ता बदलला की तो चार ठिकाणी बदलावा लागतो. एक ठिकाण हमखास राहतं.

इथे डेटाबेस लागतो. महाजनांच्या तक्त्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा, तिथेच नाव, पत्ता, फोन. पैशांच्या तक्त्यात तारीख, रक्कम, कशासाठी आणि फक्त तो क्रमांक. पत्ता एकाच जागी राहतो आणि एका क्रमांकावरून दहा वर्षांचा हिशेब निघतो. लिब्रेऑफिस बेस किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस यात हे स्वतः बांधता येतं, पण त्यासाठी चार-पाच दिवस शांतपणे बसावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर तयार सॉफ्टवेअर घ्या. शाळा, दवाखाना, हॉटेल, वाचनालय यांच्यासाठी मिळणारी सॉफ्टवेअर मुळात असे आधीच बांधून ठेवलेले डेटाबेसच असतात. वाचनालयासाठी ‘कोहा’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याला परवान्याचा खर्च नाही.

गेस्ट हाऊसवाल्यांना हाच प्रकार लागतो, फक्त तिथे चूक महागात पडते. एक शीट मालकाच्या लॅपटॉपवर, दुसरी काउंटरवर, आणि दोन्हींत तीच खोली नाताळच्या आठवड्यात दोघांना दिलेली. खोल्या दोन-तीनच असतील तर दोघांना एकाच वेळी उघडता येईल अशी एकच ऑनलाइन शीट पुरते. खोल्या जास्त आणि बुकिंग तीन-चार संकेतस्थळांवरून येत असेल, तर सगळीकडची उपलब्धता एकत्र सांभाळणारं हॉटेल सॉफ्टवेअर घ्या. विक्रेत्याला हे विचारा: एका ठिकाणी बुकिंग झालं की बाकी ठिकाणची खोली किती वेळात बंद होते? नुसती दिनदर्शिकेची जुळणी असेल तर त्याला काही तासही लागू शकतात, आणि डिसेंबरमध्ये तेवढा अवधी दुहेरी बुकिंगला पुरेसा असतो. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती (‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी) २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते. म्हणून पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या खणांत असायला हवेत. नुसता पासपोर्टचा फोटो जोडून ठेवला तर रात्री अकरा वाजता सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

जमाखर्च

टॅली, ग्नूकॅश यांसारखी हिशेबाची ॲप्लिकेशनं म्हणजे आपली रोजकीर्द आणि खतावणी. फरक इतकाच की रोजकीर्दीत एक नोंद केली की खतावणी आपोआप लागते, आणि नावे-जमा जुळल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. स्प्रेडशीटमध्ये ही पहारेदारी नसते, म्हणूनच वर्षअखेरीला शंभर रुपयांचा फरक शोधण्यात चार रात्री जातात.

कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवत असेल तर तिला १ एप्रिल २०२३पासून असंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, ज्यात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. एकट्या मालकीच्या दुकानाला हा नियम लागू नाही, तरी सोय असेल तर ती चालू ठेवा. गल्ल्यावर दोन-तीन माणसं बसत असतील तर संशयाला जागा उरत नाही. जीएसटीत नोंदणी असेल तर हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. म्हणून वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर घेताना विचारा: वर्गणी थांबवली तर जुना हिशेब नुसता पाहता आणि छापता येईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर दर ३१ मार्चला सगळ्या वह्या पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढून ठेवा.

चित्र

दोन जाती लक्षात ठेवा. फोटो ठिपक्यांचा बनतो (फोटोशॉप, गिम्प), बोधचिन्ह आणि अक्षरं रेषांनी बनतात (कोरलड्रॉ, इंकस्केप). रेषांचं चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही, ठिपक्यांचं फुटतं. ए५ आकाराची पत्रिका इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायची तर चित्र १७४८ गुणिले २४८० ठिपक्यांचं हवं. सहा बाय तीन फुटांचा नाटकाचा फलक लोक लांबून बघतात, तिथे इंचाला ७२ ठिपके चालतात. म्हणजे ५१८४ गुणिले २५९२. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून छापखान्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

ॲप्लिकेशन राहतं कुठे

हाच तुमचा प्रकार तीन ठिकाणी मिळू शकतो: संगणकावर बसवलेला, ब्राउझरमधून चालणारा किंवा मोबाइलवरचा. ब्राउझरमधल्यात माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर असते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा किंवा जीएसटी भरायची तर बहुधा हाच मार्ग असतो. पण रोजच्या बिलांसाठी विचार करून ठरवा. सत्तरी किंवा काणकोणच्या डोंगराळ भागात पावसात नेटवर्क गेलं की बिल अडतं. तिथे संगणकावर चालणारं आणि नेटवर्क आलं की माहिती वर पाठवणारं सॉफ्टवेअर घ्यावं. विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोरच वायफाय बंद करा आणि एक बिल करून पाहा.

मोबाइल ॲप फक्त अधिकृत स्टोअरमधून घ्या. वीजबिल थकलंय किंवा वाहनाचं चलन आलंय असं सांगून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल) कधीही बसवू नका. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी तिच्या हाती जातो.

परवाना हाही प्रश्न आहेच. फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द. फुकट सॉफ्टवेअर उद्या पैसे मागू शकतं. लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, ग्नूकॅश मुक्त आहेत: कितीही संगणकांवर टाका, धंद्यात वापरा. पत्रं, याद्या आणि साधे तक्ते एवढंच काम असेल तर लिब्रेऑफिसने सुरुवात करावी हे आमचं स्पष्ट मत. तोडलेलं, म्हणजे ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर मात्र नकोच. ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि नेमक्या त्याच दारातून फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस आत येतो.

निवडीपासून वापरापर्यंत

१. आठवडाभर पाहा. दुकानात किती वह्या आहेत, कोणत्या वहीत कोण काय लिहितं, ते कोणाला लागतं हे कागदावर मांडा. कोणी वाचतच नाही ती वही संगणकावर आणायची गरज नाही.

२. प्रत्येक वहीपुढे लिहा: मजकूर, तक्ता, जोडलेल्या नोंदी, जमाखर्च की चित्र. एवढ्यावर अर्धी निवड होते.

३. यंत्र तपासा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट. रॅम किती आणि ३२ बिट की ६४ बिट हे तिथे दिसतं. ६४ बिटचं ॲप्लिकेशन ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅमची, पण हिशेब, ब्राउझर आणि शीट एकदम उघडायचं तर ८ जीबी हवी. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे. त्यावर पैशांचं काम नव्याने सुरू करू नका.

४. चाचणी खऱ्या नोंदींनी घ्या. विक्रेता दाखवतो ते बिल नेहमी सरळ असतं. तुम्ही वीस नोंदी भरा आणि त्यांत वाकड्या असू द्या: रद्द झालेलं बिल, अर्धे पैसे यूपीआयने नि अर्धे रोख, परत आलेला माल, आगाऊ रक्कम घेऊन न आलेला पाहुणा. मग सगळी माहिती एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये बाहेर काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडा. वीसच्या वीस ओळी, मराठी नावांसकट दिसल्या पाहिजेत. माहिती बाहेर येत नसेल तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, घेऊ नका.

५. बसवताना निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्या. शोधयंत्रात वर दिसणारी जाहिरात म्हणजे निर्माता नव्हे. ‘पुढे, पुढे’ दाबत जाऊ नका, आधीच खूण केलेल्या चौकोनांतून नको ती सॉफ्टवेअर आत येतात. रोजच्या कामासाठी प्रशासकाचं नव्हे, साधं खातं वापरा.

६. सुरुवात मंदीत करा. गेस्ट हाऊसने जून ते सप्टेंबर, काजू खरेदी करणाऱ्याने मार्च ते मेचा हंगाम संपल्यावर, मासळीच्या व्यवसायाने १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत. महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालवा आणि रोज रात्री बेरीज जुळवा. फरक आला तर त्याच रात्री शोधा. आठवड्याने तो सापडत नाही.

७. यूपीएस लावा. नोंद लिहिली जात असताना वीज गेली तर डेटाबेसची फाइल अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला साधारण दहा-पंधरा मिनिटं देतो. तो वेळ नीट बंद करण्यासाठी आहे, काम चालू ठेवण्यासाठी नाही. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की नेटवर्कची केबलही काढा. वीज त्या वाटेनेही येते.

८. तीन प्रती ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक इमारतीच्या बाहेर किंवा क्लाउडवर. डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणीचा व्हायरस तीही धरतो. आपल्या दमट हवेत ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवा. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून शेवटच्या बिलाचा क्रमांक पाहा. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश पुरावा नाही, तो बिल क्रमांक पुरावा आहे.

९. प्रत्येक कामगाराला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड द्या. बिल करणाऱ्याला बिल रद्द करायचा अधिकार लागत नाही. मे महिन्यात हंगाम संपून मुलं आपापल्या गावी निघाली, की त्याच दिवशी त्यांची खाती बंद करा. पुसू नका, बंद करा. पुसलं तर काही सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी केलेल्या जुन्या बिलांवरचं नावही निघून जातं.